आदिवासी इतिहास सिलॅबसमध्ये घेताय? मग या चुका टाळा

सिलॅबस बदलायच्या मीटिंगा चालू झाल्या की कोणीतरी म्हणतंच, आदिवासींचं पण एक युनिट टाकून देऊ. गडबड तिथेच होते. ते युनिट जातं सगळ्यात शेवटी, पोर्शन उरकायच्या घाईत दोन लेक्चरमध्ये संपतं आणि पेपरात 'टीपा लिहा'मध्ये ऑप्शनला येतं, म्हणजे मुलं सोडूनच देतात. त्यापेक्षा वेगळं युनिट करूच नका, आहे त्या टॉपिकमध्येच घ्या. १८५७ शिकवताय ना, मग खानदेशातले खाज्या नाईक आणि चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, बाबुराव शेडमाके तिथेच आले पाहिजेत. आणि त्याच्याही आधी सह्याद्रीत सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे, ज्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, ते तर आपल्या पुण्याच्या उंबऱ्यावरचे.

हे शिकवताना फक्त इंग्रजांचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, वाचायला देऊ नका हां, त्यात बंड करणारा सरसकट दरोडेखोरच असतो. १८७१ च्या कायद्याने तर अख्ख्या जमातीच 'गुन्हेगार' ठरवल्या होत्या.

आता माझी चूक सांगतो. पुण्यातल्याच एका वर्गात मी आरामात शिकवत होतो की 'ते लोक' दुर्गम भागात राहतात, जंगलावर जगतात वगैरे. लेक्चर संपल्यावर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा आला, आंबेगाव तालुक्यातला, महादेव कोळी, आणि म्हणाला सर हिरड्याचं काहीच नाही का यात? मला हिरडा म्हणजे त्रिफळा चूर्ण एवढंच माहीत. मग त्याने उभ्याउभ्या सांगितलं की बाळहिरडा कच्चा असतानाच तोडायचा, वाळवायचा, भाव व्यापारी ठरवणार, आणि त्याची वर्षाची फी त्यातूनच निघते. अख्खं अर्थशास्त्र होतं ते, आणि मी 'जंगलावर जगतात' म्हणून एका ओळीत उडवलं होतं. तेव्हापासून 'ते लोक' म्हणणं बंद केलं, कारण पुणे जिल्ह्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी असताना 'ते' आपल्याच वर्गात बसलेले असू शकतात.

वारली चित्रांचं तर विचारूच नका. प्रोजेक्टच्या फाइलला बॉर्डर काढली की झाली संस्कृती! अरे तो लग्नात भिंतीवर काढायचा चौक आहे, सवाशिणी लिहितात, मध्ये पालघट देवी असते, हे तरी सांगा.

राहिला ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. नाचाचा ग्रुप बोलावायचा, फोटो काढायचे, वडापाव देऊन पाठवायचं, असं करू नका. एखाद्या जाणत्या माणसाला रीतसर लेक्चर द्या आणि गेस्ट फॅकल्टीला देता तेवढंच मानधन द्या. अकाउंट्सवाले डिग्री विचारतील, आम्हाला पण विचारली होती, तेव्हा फॉर्मवर 'विषयतज्ज्ञ' लिहून प्राचार्यांची सही आधीच घेऊन ठेवा. मुलांना क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयातही न्या, फक्त जाताना वर्गातल्या आदिवासी मुलांना 'तू समजावून सांग' म्हणून पुढे ढकलू नका, त्यांना स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोलतील.