मेडिकल लायब्ररीत पुस्तक आहे पण सापडत नाही? सब्जेक्ट हेडिंगच्या या चुका टाळा

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की पीजीची मुलं लायब्ररीत येतात आणि काउंटरवर एकच तक्रार, "मॅडम, माझ्या टॉपिकवर काहीच मिळत नाहीये." नाशिकला आरोग्य विद्यापीठच असल्यामुळे मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग सगळ्या लायब्रऱ्या आसपास आहेत आणि सगळीकडे हेच ऐकू येतं. मटेरियल असतं हो, पण कॅटलॉगमध्ये ज्या सब्जेक्ट हेडिंगखाली, म्हणजे विषयाच्या ठरलेल्या नावाखाली, ते नोंदवलंय तिथं कुणी बघतच नाही, आणि कधी कधी कॅटलॉगिंग करतानाच ते भलत्या हेडिंगखाली गेलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनात येईल तो शब्द टाकून सर्च करणं. मेडिकल लायब्रऱ्यांसाठी मेश नावाची हेडिंग्जची यादी आहे, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 मध्ये काढलेली, आज तिच्यात 30,000 च्या वर हेडिंग्ज आहेत. एका विषयाला एकच ठरलेलं हेडिंग. लेखकाने हार्ट अटॅक लिहू दे नाहीतर त्याचंच छोटं रूप एमआय, हेडिंग मायोकार्डियल इन्फार्क्शनच. कॅन्सर असेल तर निओप्लाझम्स. पबमेडवर, म्हणजे याच लायब्ररीच्या वैद्यकीय लेख शोधायच्या वेबसाइटवर, तुम्ही हार्ट अटॅक टाकलंत तरी ते आपोआप बरोबर हेडिंगला जोडून घेतं, पण तेच डबल कोट्समध्ये टाकलं की ही सोय बंद पडते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये तर ही सोय बहुतेक वेळा नसतेच.

आता सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा, सुरगाणा, पेठच्या आदिवासी पट्ट्यामुळे हा टॉपिक इथं कुणी ना कुणी घेतंच. हेडिंग आहे अॅनिमिया, सिकल सेल, म्हणजे उलटं लिहिलेलं, त्यामुळे विषयांच्या यादीत एस खाली शोधाल तर रिकामे हात, ए खाली जायचं. त्यात आपली टेक्स्टबुकं ब्रिटिश स्पेलिंगची, अॅनिमियात जादाचा ए, पेडियाट्रिक्समध्ये पण तसाच, मेशमध्ये मात्र अमेरिकन स्पेलिंग. पबमेड हे सांभाळून घेतं, लोकल कॅटलॉग घेईलच असं नाही, म्हणून दोन्ही स्पेलिंग टाकून बघा.

दुसरा गोंधळ शेल्फचा. हेडिंग आणि शेल्फवरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे नीट समजून घ्या. गरोदरपणातल्या डायबेटिसचं हेडिंग डायबेटिस, जेस्टेशनल, ते मेशच्या झाडात, म्हणजे मोठ्या विषयाखाली छोटे विषय अशा मांडणीत, डायबेटिसच्या फांदीवर पण आहे आणि प्रेग्नन्सी कॉम्प्लिकेशन्सच्या फांदीवर पण. पण पुस्तक काही दोन ठिकाणी ठेवता येत नाही. एनएलएम, म्हणजे त्याच नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, शेल्फसाठीचं क्लासिफिकेशन वापरणाऱ्या लायब्ररीत ते डब्ल्यूक्यूला म्हणजे ऑब्स्टेट्रिक्सला जातं, एंडोक्राइनच्या डब्ल्यूकेला नाही. लहान मुलांच्या हृदयरोगाचं पुस्तक तसंच डब्ल्यूएस पेडियाट्रिक्समध्ये, हृदयाच्या डब्ल्यूजीला शोधून उपयोग नाही. ड्युई ही आकड्यांची वर्गीकरण पद्धत वापरत असाल तर 616 मध्ये आजार, 617 सर्जरी, 618 मध्ये गायनॅक आणि पेडियाट्रिक्स. थोडक्यात आधी कॅटलॉगमध्ये हेडिंगने शोधा, कॉल नंबर म्हणजे पुस्तकाच्या जागेचा नंबर लिहून घ्या, मगच रॅककडे जा.

कॅटलॉगिंग करणाऱ्यांना पण मनापासून सांगते. पुस्तक जेस्टेशनल डायबेटिसचं असेल तर तेच हेडिंग द्या, "बरं दिसतं" म्हणून वर नुसतं डायबेटिस मेलिटस लावू नका, कारण झाडात वरच्या हेडिंगखाली खालची सगळी येतातच आणि पबमेड तर वरचं हेडिंग शोधलं की खालची आपोआप घेतं. कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये 650 टॅग, म्हणजे विषयाच्या हेडिंगचा रकाना, भरताना दुसरा इंडिकेटर (हेडिंग कुठल्या यादीतलं ते सांगणारा आकडा) 2 ठेवा, 2 म्हणजे मेश, 0 ठेवलात तर ते लायब्ररी ऑफ काँग्रेसचं हेडिंग समजलं जातं. आणि हेडिंग हाताने टाइप करू नका, ऑथॉरिटी फाइलमधून, म्हणजे मान्य हेडिंग्जच्या यादीतून, उचला. एकाने टीबी, दुसऱ्याने ट्यूबरक्युलोसिस, तिसऱ्याने टीबीचंच डॉक्टरी नाव पल्मोनरी कोच्स लिहिलं की एकाच विषयाची पुस्तकं तीन ठिकाणी फुटतात आणि मुलाला त्यातल्या एकाच ठिकाणची दिसतात. मेश दरवर्षी बदलते तेव्हा जुनी हेडिंग्ज पण बदलून घ्या, कोविड-19 ला स्वतंत्र मुख्य हेडिंग 2021 च्या मेशमध्ये आलं, त्याआधीच्या रेकॉर्डमध्ये काय लावलंय ते एकदा तपासाच.

उलट टोकाची चूक म्हणजे फक्त मेशवरच विसंबणं. पबमेडवर नुकत्याच आलेल्या काही लेखांना हेडिंग लागलेलंच नसतं, आणि तिथले सगळे लेख मेडलाइनमध्ये, म्हणजे मेश हेडिंग लावलेल्या लेखांच्या मुख्य संग्रहात, नसतात, त्यांना तर लागतच नाही. म्हणून आधीच्या संशोधनाचा रिव्ह्यू करताना मेश हेडिंग आणि टायटल-अॅब्स्ट्रॅक्टमधले साधे शब्द दोन्ही घ्या, मध्ये ऑर (OR, म्हणजे "किंवा") टाका.

आयुर्वेदवाल्यांचा प्रश्न वेगळाच आहे. मेडिसिन, आयुर्वेदिक या एका हेडिंगखाली सगळं कपाट कोंबलं तर त्यातून काही शोधणं शक्य नाही. त्यासोबत आजाराचं हेडिंग द्या आणि वनस्पतीचं पण द्या, हळदीसाठी करक्युमा, अश्वगंधेसाठी विथानिया.

आणि इतकं करूनही अडलातच तर तुमच्या टॉपिकचा एक चांगला लेख पबमेडवर उघडा, अॅब्स्ट्रॅक्टच्या खाली स्क्रोल करा, तिथं मेश टर्म्स दिलेल्या असतात, ज्याच्यापुढे स्टार आहे तो त्या लेखाचा मुख्य विषय, त्याच टर्म्स उचलून पुढचा सर्च लावा.