कोल्हापुरात घरदुरुस्तीचा व्यवसाय: कुठल्या कामाला कुठला कागद?

नळ, दिवे, दारं, गिलावा अशी घरातली सगळी किरकोळ कामं घ्यायची म्हटली, तर त्यासाठी एकच एक परवाना मिळत नाही. व्यवसायाचे कागद वेगळे, कामाचे वेगळे. व्यवसायाचे बहुतेक कागद ऑनलाइन निघतात. माणूस अडकतो तो कामाच्या परवान्यात. म्हणून आधी कोणती कामं घेणार त्याची यादी करा.

कडी-कोयंडे, रंग, फरशी, दाराचं बिजागर, नळाचा वॉशर यांना वेगळा परवाना लागत नाही. नवीन नळजोडणी मात्र पालिकेच्या परवानाधारक प्लंबरचं काम. मुख्य पाइपलाइनला हात लावू नका.

आता वीज. राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये पंखा बदलायला जाता. काम संपता संपता काकू म्हणतात, "दादा, आलायसा तर गिझरला एक पॉइंट बी काढून द्या की!" इथं थांबायचं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची जुन्या जागी बदली परवान्याविना चालते, कारण त्यानं वीजजोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. नवा पॉइंट ओढणं, वायरिंग वाढवणं हे केंद्रीय विद्युत सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं असतं. तुमचा हात कितीही बसलेला असो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर भिजलेल्या बोर्डांची कामं ढिगानं निघाली होती. अशा गर्दीतच नियम विसरला जातो आणि शॉक बसतो.

मग मार्ग दोन. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला असेल, तर राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून वायरमन परवाना काढा. तेवढा वेळ नसेल, तर ओळखीच्या ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवा, वायरिंगचं काम त्याच्या नावावर द्या आणि बिलही त्याचंच घ्या. मला विचाराल तर सुरुवातीला हा दुसराच बरा.

यादी पक्की झाली की शॉप अॅक्ट, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांचा कायदा. २०१७ च्या या कायद्यात आधी मर्यादा दहा कामगारांची होती; २०२५ च्या दुरुस्तीनंतर कामगार वीसपेक्षा कमी असतील तर नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, त्याची पोच मिळते. पाठोपाठ उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद: आधार, पॅन, मोबाइल लागतो आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी सारख्या नावाची संकेतस्थळं दिसतील, तिकडं फिरकू नका. ही दोन कागदं हातात असली की बँकेत चालू खातं उघडताना फारशी अडचण येत नाही.

व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. छोटा माणूस तो हमखास विसरतो आणि मागाहून त्याला तो व्याजासकट आठवतो. जीएसटी नोंदणी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की. तोवर बिलात जीएसटी लावायचा नाही.

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. कामगार एकही नसला तरी हे लागू आहे. दिव्याची पाटी किंवा रस्त्याकडेला फलक लावायचा असेल तर महापालिकेच्या परवाना विभागात आधी विचारा. दुकान हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायतीत. कुठल्या हद्दीत आहात हे घरफाळ्याच्या पावतीवर कळतं.

हाताखाली गवंडी, बिगारी, रंगारी असतील, तर त्यांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदवायला सांगा. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम, ही अट. त्या ९० दिवसांचा दाखला तुमच्याकडून लागू शकतो, म्हणून हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.