संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेताना व्यवस्थापनाने काय करावं

करार जाहीर करण्याआधी मुक्काम आणि मैदानाची सोय बघा. बेसबॉलमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी ऑक्टोबर १९४५मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मॉन्ट्रियल रॉयल्स या आपल्या दुय्यम संघासाठी करारबद्ध केल्याचं जाहीर झालं. पुढच्या वसंतात फ्लोरिडातल्या सरावात वर्णद्वेषामुळे सॅनफर्ड गाव सोडावं लागलं, जॅक्सनव्हिलने सामनाच होऊ दिला नाही. म्हणून १९४७चं सराव शिबिर क्युबातल्या हवानात नेलं. तिथे मात्र खुद्द रिकींनीच कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळ्या हॉटेलात उतरवलं. रॉबिन्सन भडकला, आणि का भडकू नये? वाद टाळायच्या नावाखाली आपणच वेगळी पंगत मांडली, तर बाकीचे खेळाडू काय ते समजून जातात.

त्याला एकटं पाडू नका. मॉन्ट्रियलला सोबत जॉन राइट हा दुसरा कृष्णवर्णीय पिचर (चेंडू फेकणारा) होता, प्रवासात पत्रकार वेंडेल स्मिथ असत. या सोबतीचा खर्च आधीच धरा.

ड्रेसिंग रूममधली कुरबुर कानावर येईल त्याच दिवशी मिटवा. शिबिरात काही डॉजर्स रॉबिन्सनविरुद्ध अर्जावर सह्या गोळा करू लागले, तेव्हा मॅनेजर लिओ डुरोशरने मध्यरात्री सगळ्यांना उठवून झापलं; मग रिकी एकेकाशी बोलले. हाच क्रम ठेवा: आधी सर्वांसमोर निर्णय, मग खाजगीत बोलणं, तरीही जमत नसेल तर बदली. रॉबिन्सनसोबत खेळायला नाखूश असलेल्या डिक्सी वॉकरला हंगाम संपल्यावर पिट्सबर्गला धाडलं. पण निर्णय एकट्या मॅनेजरच्या भरवशावर सोडू नका. हंगामाला आठवडा उरला नव्हता, तेवढ्यात वेगळ्याच कारणावरून डुरोशरवर वर्षभराची बंदी आली.

लीगला आधीच बांधून घ्या. मे महिन्यात रॉबिन्सनविरुद्ध सेंट लुइस कार्डिनल्स संघाच्या संपाची चर्चा उठल्यावर डॉजर्स खेळत त्या नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी निलंबनाची तंबी दिली. अशी तंबी हंगामाआधी, लेखी हवी.

सगळ्यात अवघड भाग शिवीगाळीचा. उलट उत्तर द्यायचं नाही, हे रिकींनी रॉबिन्सनकडून ऑगस्ट १९४५मध्येच कबूल करून घेतलं होतं. एप्रिल १९४७मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाचा मॅनेजर बेन चॅपमन घाणेरडं बोलत राहिला, तेव्हा ते रॉबिन्सनला गिळावं लागलं. खेळाडूला गप्प बसवणार असाल, तर तक्रार कोण करणार त्या अधिकाऱ्याचं नाव आधी ठरवा.

शिवाय मूळ संघाचे पैसे चुकते करा. रिकींनी रॉबिन्सनच्या आधीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, छदामही दिला नाही. क्लीव्हलंड संघाचे मालक बिल वीक यांनी मात्र लॅरी डोबी या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी त्याच्या नेवार्क ईगल्स संघाला पैसे मोजले.