दिल्लीच्या आठवड्याचं गणित कुठे बिघडतं

शनिवारी संध्याकाळी मुंबईहून राजधानीत बसायचं, रविवारी सकाळी दिल्लीत उतरायचं. रविवार आंघोळी, झोप आणि करोल बागेतल्या एका फेरीत जातो. सोमवारी सकाळी सगळे आवरून, टोप्या-पाण्याच्या बाटल्या घेऊन लाल किल्ल्यावर पोचतात आणि दरवाजा बंद.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. अक्षरधामही बंद. लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, रेल म्युझियम, गांधीजींची हत्या झाली ती बिर्ला हाउसमधली गांधी स्मृती, सगळं सोमवारी बंद. मग खरेदी तरी करू म्हणावं, तर सरोजिनी नगर, लाजपत नगर आणि करोल बाग यांचीही सुट्टी सोमवारचीच. आठवड्यातला पहिला ताजा दिवस असा हातचा जातो आणि मग पुढच्या दिवसांवर त्याचा बोजा चढतो.

मी दिल्लीत राहतो म्हणून सुट्ट्या आल्या की नातेवाइकांच्या याद्या माझ्याकडे तपासायला येतात. ठिकाणं बहुतेक बरोबर निवडलेली असतात. नसतात त्या दोन गोष्टी: वार आणि दिशा. दिल्लीसाठी सात दिवस कमी पडत नाहीत, पण या दोन गोष्टी यादीत नसल्या तर दहा दिवसही पुरत नाहीत.

वार आधी, ठिकाण मग

कोऱ्या कागदावर सात वार लिहा आणि काय बघायचं ते लिहिण्याआधी काय बंद आहे ते लिहा. सोमवारचं वर सांगितलंच. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो आणि आग्र्याला जाणारी गतिमान एक्सप्रेसही शुक्रवारी धावत नाही. प्राणिसंग्रहालयालाही शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत. रविवारी चांदनी चौकातल्या घाऊक बाजाराच्या गल्ल्यांची शटरं खाली असतात, त्यामुळे साड्या आणि लग्नाची खरेदी डोक्यात असेल तर रविवार उपयोगाचा नाही. पुस्तकवाल्यांचं मात्र उलट आहे. पूर्वी दरियागंजच्या फुटपाथवर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ पासून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो आणि तो फक्त रविवारीच.

म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार हे खरे कामाचे दिवस. लाल किल्ला, अक्षरधाम, संग्रहालयं आणि आग्रा यांना हे चार वार द्या. सोमवारी रिकामं बसायचं कारण नाही. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोधी गार्डन, जंतरमंतर, राष्ट्रीय युद्ध स्मारक, बंगला साहिब गुरुद्वारा ही ठिकाणं सोमवारी उघडी असतात, आणि माझ्या मते यातली निम्मी तरी लोटस टेंपलपेक्षा सरस आहेत.

एकाच दिवसात चारी दिशा

हमखास येणारी यादी अशी असते: «दिवस पहिला - लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम, इंडिया गेट.» बसवाल्यांच्या एका दिवसाच्या सहलीचा कागद बघून ती केलेली असते. लाल किल्ला उत्तरेला, कुतुबमिनार पार दक्षिणेला, अक्षरधाम यमुनेपलीकडे पूर्वेला आणि इंडिया गेट मध्यात. बसवाले प्रत्येक ठिकाणी पाऊण तास देतात आणि तुमचा फोटो निघाला की हॉर्न वाजवतात. स्वतंत्र फिरायला आलेल्या माणसाने तो कागद कशाला पाळायचा?

दिल्लीचे तुकडे करा आणि एका दिवसाला एकच तुकडा घ्या. जुनी दिल्ली म्हणजे लाल किल्ला, जामा मशीद, चांदनी चौक. मध्य दिल्ली म्हणजे इंडिया गेट, युद्ध स्मारक, राष्ट्रीय संग्रहालय, कॅनॉट प्लेस, जंतरमंतर, अग्रसेन की बावली, बंगला साहिब. निजामुद्दीनच्या बाजूला हुमायूनची कबर, सुंदर नर्सरी, दर्गा आणि थोडं पुढे पुराना किला. दक्षिणेला कुतुबमिनार, मेहरौली, हौज खास. अक्षरधाम एकटंच पूर्वेला आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा काढावा लागतो.

मेट्रो उत्तम आहे, पण स्टेशनच्या नावावर जाऊ नका. «कुतुबमिनार» स्टेशनावर उतरून मिनार समोर दिसेल असं वाटतं. तिथून पुढे दीड-दोन किलोमीटर आहे आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ऑटो किंवा ई-रिक्शा करावीच लागते. लाल किल्ल्याला मात्र आता व्हायलेट लाइनवर स्वतःचं स्टेशन आहे, तिथे चांदनी चौक स्टेशनवरून गर्दीतून चालत जायची गरज नाही. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतच्या चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारी बंद असतात. कॅब दाराशी नेऊन सोडेल या भरवशावर राहिलात तर ती कुठेतरी लांब उतरवून निघून जाते. आणखी एक, घरातल्या पुरुषांसाठी: मेट्रोचा पुढचा पहिला डबा महिलांचा असतो. घाईत तिथे शिरलात तर बायका शब्दांत काही ठेवत नाहीत.

लाल किल्ल्याला तासभर

याद्यांमध्ये लाल किल्ल्याला हमखास एक तास दिलेला असतो. तेवढा वेळ तिकीट, तपासणी आणि छत्ता बाजार ओलांडण्यातच जातो. बरेच जण दिवाण-इ-आमपर्यंत जाऊन «आत काही विशेष नाही» म्हणत परत येतात. त्यांचंही अगदी चूक नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि त्या जागी बराकी बांधल्या. उरलं आहे ते माहिती असेल तरच दिसतं.

मराठी माणसाने तर दिवाण-इ-खासमध्ये थांबायलाच हवं. या दालनाच्या छताला पूर्वी चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता. त्यांनी ती चांदी उतरवली आणि वितळवून तिची नाणी पाडली. तिथून फौज पुढे गेली ती पानिपताकडे. आज मान वर करून पाहिलं की रंगवलेलं छत दिसतं आणि त्यामागची ही गोष्ट बाजूला उभा असलेला गाइड क्वचितच सांगतो. जवळच्या बराकींत सुभाषबाबू आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालयही आहे, त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला होता. एकूण तीन तास ठेवा. मे महिन्यात असाल तर सकाळचेच, कारण आत सावली फार कमी आहे.

पानिपत एका दिवसात करून येता येतं, दिल्लीहून साधारण ९० किलोमीटर. पण मोठा किल्ला, तट, बुरूज असं काही मनात घेऊन जाऊ नका. काला अंबला आहे ते एक स्मारक आणि भोवतीची बाग. ज्यांना १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाठ आहे त्यांनी जावं. लहान मुलांना घेऊन उगाच फरफट नको.

अक्षरधामला मोबाइल बाहेर राहतो

मोबाइल, कॅमेरा, बॅगा, पॉवर बँक सगळं बाहेर क्लोकरूममध्ये जमा करायचं. हे बहुतेकांना माहीत असतं. आत गेल्यावर काय होतं त्याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो.

पहिली अडचण पैशांची. यूपीआय मोबाइलबरोबर बाहेर राहिलं. आत प्रदर्शनांची आणि संध्याकाळच्या पाण्याच्या शोची तिकिटं आहेत, खायचं-प्यायचं आहे, मुलं आइस्क्रीम मागतात आणि आठ जणांच्या घोळक्यात मिळून रोख शंभर रुपये निघतात. खिशात रोख पैसे ठेवा.

दुसरी अडचण चुकामुकीची. परिसर प्रचंड आहे, फोन कुणाकडेच नाही. मावशी स्वच्छतागृहात गेल्या आणि बाकीचे पुढे सरकले की तासभर शोधाशोध ठरलेली. आत शिरल्या शिरल्या एक खूण ठरवा, «चुकलं तर इथे उभं राहायचं» म्हणून सगळ्यांना ती जागा दाखवा आणि लहान मुलांच्या खिशात घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. क्लोकरूमचं टोकन एकाकडेच असतं, तो माणूस चुकला तर सगळ्यांचे फोन अडकतात.

दुपारी तीन-चारच्या सुमारास पोचलात तर उजेडात मंदिर, मग प्रदर्शन आणि अंधार पडल्यावर शो असा क्रम लागतो. सकाळी गेलात तर शोसाठी दिवसभर तिथेच बसावं लागतं.

आग्रा, मथुरा, वृंदावन एका दमात

ही चूक गाडीवाल्यांच्या पॅकेजमुळे होते. पहाटे चारला उठवून निघायचं, रात्री बाराला परत. वृंदावन-मथुरेची मोठी मंदिरं दुपारी काही तास बंद असतात आणि तुम्ही नेमके ताज उरकून त्याच वेळेला तिथे पोचता. मग बंद दारासमोर बसून संध्याकाळची वाट बघायची, किंवा बाहेरून नमस्कार करून निघायचं. आग्रा एक दिवस, ब्रज म्हणजे मथुरा-वृंदावन दुसरा दिवस. दोन दिवस नसतील तर एकावर पाणी सोडा.

आग्र्याला गतिमानने जायचं असेल तर ती हजरत निजामुद्दीनहून सुटते, नवी दिल्लीहून नाही. सकाळी आठच्या सुमाराची गाडी चुकीच्या स्टेशनवर उभं राहून घालवणारे लोक दर हंगामात भेटतात. ताजचं तिकीट भारतीयांना ५० रुपये आहे, पण मुख्य कबरीत जायचं तर त्यावर आणखी २०० द्यावे लागतात. रांगेच्या शेवटाला ते कळलं की चिडचिड होते. तिकीट तीन तासांचं असतं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ असू द्या. ऑनलाइन तिकीट आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर काढा. दारापाशी उभं राहून काढायला गेलात तर नेटवर्क दगा देतं.

हॉटेल स्वस्त, पण कुठे?

महिपालपूरची हॉटेलं ऑनलाइन फार स्वस्त दिसतात आणि खाली «विमानतळाजवळ» असं लिहिलेलं असतं. रात्रीच्या विमानाला ठीक. आठवडाभर तिथे राहून रोज जुनी दिल्ली गाठणं म्हणजे निम्मा दिवस टॅक्सीत. मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल असं हॉटेल घ्या, मग खोली थोडी लहान असली तरी चालेल.

महाराष्ट्र सदनाचा विषय प्रत्येक वेळी निघतो. «आमदारांचं पत्र आणलंय» म्हणून लोक निर्धास्त येतात. पत्र म्हणजे खोली नव्हे. अधिवेशन चालू असेल किंवा मंत्र्यांचे दौरे असतील तर पत्र घेऊन उभं राहावं लागतं. खोली पक्की झाल्याचं उत्तर हातात येईपर्यंत दुसरीकडचं बुकिंग सोडू नका.

नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला उतरल्यावर कुणी «तुमचं हॉटेल बंद झालंय» किंवा «तुमची पुढची गाडी रद्द आहे, टुरिस्ट ऑफिसात चला» म्हणालं तर थांबू नका, उत्तरही देऊ नका. हॉटेलला स्वतः फोन करा.

आपल्या सुट्ट्या आणि दिल्लीचं हवामान

हा खरा पेच आहे. आपल्या शाळांच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मेमध्ये. दिवाळीनंतर दिल्लीची हवा खराब होते, मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. नाताळात यावं तर धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही त्याच सुमाराला काही आठवडे उघडतं, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा.

मेमध्ये यावंच लागलं तर दिवसाचे दोन भाग करा. सकाळी लवकर हुमायूनची कबर किंवा कुतुब, साडेदहाच्या आत परत, दुपारी वातानुकूलित संग्रहालय किंवा सरळ झोप, आणि संध्याकाळी इंडिया गेट. दिवाळीनंतर दमेकरी माणूस बरोबर असेल तर बंदिस्त ठिकाणं जास्त ठेवा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या सरावासाठी कर्तव्य पथ आणि आसपासचे रस्ते वरचेवर बंद होतात, आणि १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो. त्या दिवसांत यायचं तर आधी बातम्या बघा.

तरीही बिनसलं तर

गाडी सहा तास उशिरा आली तर सगळी यादी एक दिवस पुढे ढकलू नका, कारण वार सरकले की सोमवार-शुक्रवारचा घोळ पुन्हा सुरू. त्या दिवसाचा तुकडा सोडून द्या, बाकीचे जागेवर राहू द्या. म्हणूनच पहिल्या दिवशी वेळेचं बुकिंग असलेलं काहीही ठेवू नये. राष्ट्रपती भवनाची भेट तर नाहीच, तिची वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते आणि उशीर झाला की ती जाते.

एखादा रस्ता अचानक बंद केला असेल तर वाद घालण्यात वेळ न घालवता त्याच तुकड्यातलं दुसरं ठिकाण घ्या. इंडिया गेट अडलं तर जंतरमंतर, अग्रसेन की बावली. सगळ्यांचे पाय दुखायला लागले, मुलं रडायला लागली, तर चौथ्या दिवशी दुपारी काहीच करू नका. शेवटच्या दिवशी फक्त खरेदी ठेवा आणि तो सोमवार नसेल एवढं बघा.

परतीच्या तिकिटावर स्टेशन कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्री पुन्हा वाचा. मुंबई सेंट्रलची राजधानी नवी दिल्लीहून सुटते, ऑगस्ट क्रांती आणि सीएसएमटीची राजधानी निजामुद्दीनहून. संध्याकाळच्या गर्दीत एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जायला तास लागू शकतो.