बुलेटचं सहाचं बारा करताना

आमच्या घरातली बुलेट १९८४ची, तात्यांची म्हणजे माझ्या धाकट्या काकांची. सहा व्होल्टची. गाडी माझ्या ताब्यात देताना तात्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पेट्रोल किती आहे ते टाकीचं झाकण उघडून बघायचं, आणि वायरिंगला हात लावायचा नाही. पहिली मी आजतागायत पाळतोय.

दुसरी मोडायला हेडलाइट कारण झाला. सहा व्होल्टचा उजेड म्हणजे देव्हाऱ्यातली पणती. घाटात समोरून ट्रक आला की आपला लाइट चालू आहे की बंद, हे हात पुढे धरून बघावं लागायचं. कराडला एका ओळखीच्याकडे पुढच्या सालातल्या बारा व्होल्टच्या बुलेटचा माल पडून होता. मी बॅटरी, बल्ब, हॉर्न, रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा डबा) सगळं बदललं. प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल तेवढी तशीच ठेवली, कारण ती चालू होती आणि ब्रॅकेटवर नीट बसलेली होती. "चालतंय की, कशाला बदलताय," असं मिस्त्रीही म्हणाले. गाडी पहिल्या किकला उठली. प्लगवर ठिणगी अशी निळीशार की मीच खूश.

आजरा सोडून आंबोलीच्या अलीकडे गाडी दोनदा फटफटली आणि गप्प झाली. टाकीखाली हात घातला तर कॉइलला बोट टेकवेना. खालच्या कडेतून डांबरासारखं काळं काहीतरी फ्रेमवर ओघळलं होतं. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडून पाहिले तर दोन्ही तोंडं जळून निळी पडलेली. त्या रात्री टेम्पोत गाडीशेजारी बसून मी जो हिशेब केला, तोच खाली देतोय.

माझी सहा व्होल्टची कॉइल नंतर मोजली, दीड ओहम भरली. सहा भागिले दीड म्हणजे चार अँपिअर, ताकद चोवीस वॅट. त्याच तारेवर बारा व्होल्ट टाकले की आठ अँपिअर आणि शहाण्णव वॅट. व्होल्ट दुप्पट, ताप चौपट. म्हणजे मी टाकीखाली सोल्डरिंगची मोठी इस्त्री लावून फिरत होतो. बारा व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलचा रोध साधारण तीन ते चार ओहम असतो. मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, एवढ्या छोट्या मापात तोच घोळ घालतो.

म्हणून पार्ट घ्यायला जाताना साल सांगू नका. आरसीवरचं साल गाडीचं, आतल्या पार्टचं नव्हे. चाळीस वर्षांत त्या वायरिंगवर किती हात फिरलेत देव जाणे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या मालाच्या दुकानात गेलात की तुमचा पार्ट आणि त्यांचा पार्ट शेजारी ठेवून "सेम टू सेम" म्हणतील. दिसायला असतोही. मी आता खिशात मल्टिमीटर घेऊनच जातो. कुणी हसलं तर हसू देतो.

आधी गाडीची तीन उत्तरं काढून ठेवा. पहिलं, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे? जुन्या ब्रिटिश गाड्यांना प्लस बॉडीला असायचा, आणि लुकासच्या त्या पद्धतीत लाल वायर म्हणजे अर्थ. आज आपण लाल दिसली की प्लस समजून चालतो, तिथे भडका उडतो. नव्या सालातला रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा डबा), इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, एलईडी बल्ब हे सगळे मायनस बॉडीला धरून बनवलेले असतात. तुमच्या गाडीचा प्लस बॉडीला असेल तर बॅटरी फिरवा, अँपिअर मीटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा (नाहीतर सुई उलटी चालेल), आणि कॉइलच्या दोन बारीक टोकांच्या वायरीही उलटवा. अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर वीज बनवणाऱ्या जोडीत) कायमचं चुंबक असल्याने त्याला याचं सोयरसुतक नसतं. डायनामोची गाडी असेल तर मात्र तो नव्या दिशेला पुन्हा चेतवावा लागतो.

दुसरं, हेडलाइट कशावर चालतो? इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा, लाइटचं बटण दाबा. लागला तर बॅटरीवर, म्हणजे डीसी. इंजिन चालू झाल्यावरच लागत असेल आणि रेसबरोबर कमीजास्त होत असेल तर थेट स्टेटरवर (अल्टरनेटरमधली न फिरणारी तारेची गुंडाळी), म्हणजे एसी. हे कळल्याशिवाय स्टेटर किंवा रेग्युलेटर विकत घेऊ नका. थेट लाइट चालवणाऱ्या स्टेटरच्या गुंडाळीचं एक टोक बरेचदा मुद्दाम बॉडीला दिलेलं असतं. त्यावर चार डायोडचा पूर्ण रेक्टिफायर लावला की एक डायोड थेट शॉर्टवर येतो आणि युनिट जळतं. खराब माल दिला म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, पण माल चांगलाच असतो. स्टेटरच्या वायरी सोडवून प्रत्येक वायर इंजिनच्या अल्युमिनियमशी मोजा. पूर्ण रेक्टिफायर लावायचा तर एकही वायर बॉडीशी दाखवता कामा नये.

तिसरं उत्तर स्टेटर स्वतः देतो. वायरी सुट्याच ठेवा, मीटर एसीवर लावा, गाडी सुरू करा. पॉइंटवाली गाडी बॅटरीवर उठते, स्टेटर जोडलेला नसला तरी चालतं. रेस वाढवली की आकडा चढत गेला पाहिजे. मध्येच अडकला किंवा उड्या मारायला लागला तर स्टेटरच गेलाय, वरचं काहीही बदलून उपयोग नाही.

आता आनंदाची बातमी. सहाचं बारा करताना सगळं फेकायचं नसतं. तेवढ्याच वॅटला बारा व्होल्टवर करंट निम्मा लागतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या वायरी, चावीचा स्विच, डिपर, ब्रेकचा स्विच यांच्यावरचा भार उलट हलका होतो. अँपिअर मीटर करंट मोजतो, व्होल्ट नाही, तो तसाच राहू द्या. कंडेन्सर आणि पॉइंटही चालतात. बदलायचं ते बॅटरी, कॉइल, हॉर्न, फ्लॅशर, रेक्टिफायर आणि झाडून सगळे बल्ब. शेवटचं नीट वाचा. स्पीडोमीटरच्या आतला आणि हेडलाइटच्या टोपीवरचे ते दोन चिमुकले दिवे हमखास विसरतात. माझा स्पीडोमीटरचा बल्ब कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एकदाच लखलखला आणि गेला. सहा व्होल्टचा हॉर्न बारा व्होल्टवर आठवडाभर फार जोरात वाजतो. आठवडाभरच.

हेडलाइटच्या बल्बला आणखी एक अडचण. जुन्या रिफ्लेक्टरच्या बल्बला गोल कॉलर असते, एचफोरला (नव्या हॅलोजन बल्बला) तीन पाकळ्या. एक दुसऱ्यात बसत नाही, आणि कानशीने घासून बसवलाच तर फिलामेंटची जागा चुकते, उजेड झाडावर पडतो. रिफ्लेक्टर आणि काच सकट आतलं पूर्ण युनिट घ्या.

आणि ६०/५५ वॅटचा बल्ब घ्यायच्या आधी वॅटची बेरीज करा. हेडलाइट ६०, टेललाइट ५, मीटरचा दिवा ३, कॉइल सरासरी २५ धरा. झाले त्र्याण्णव. ब्रेक दाबला की आणखी २१. जुन्या स्टेटरला हे झेपतं का, ते अँपिअर मीटरची सुई सांगते. रात्री लाइट लावून टॉपमध्ये चालवा आणि सुई कुठल्या वेगाला मध्याच्या उजवीकडे जाते ते बघा. माझी पंचेचाळीसपर्यंत डावीकडेच असायची, म्हणजे गावातून फिरताना बॅटरी उपाशी. मी ३५/३५ लावला. सहाच्या पणतीपुढे तोही सूर्यच वाटला.

नाहीतर पुढच्या सालातला स्टेटर बसवायचा. मी तेही पुढच्या वर्षी केलं. इथे घाई नको. स्टेटर एकटा आणू नका, त्याच इंजिनाचा रोटर (त्यात फिरणारं चुंबक) बरोबर आणा. प्रायमरीच्या झाकणाखाली परात ठेवून ऑइल काढा, झाकण काढा, आधी जुनी जोडी कशी बसली होती त्याचे फोटो काढा. नवा रोटर बसवल्यावर स्टेटर त्याच्याभोवती सगळीकडून सारख्या अंतरावर हवा, साधारण ०.२ मिलिमीटर. लोखंडी फीलर गेज (फट मोजायची पत्री) चुंबकाला चिकटतं आणि खोटं माप देतं, म्हणून पितळी घ्या. नसेल तर प्लास्टिकची तेवढ्या जाडीची पट्टी कापा. पट्टी भोवताली घालून, स्टेटरचे नट हळूहळू, आळीपाळीने आवळा, मग पट्टी ओढून काढा आणि हाताने इंजिन फिरवा. कुठे 'खर्र' असा आवाज आला तर पुन्हा सैल करा. मला चार वेळा करावं लागलं, त्यात चहा दोनदा गार झाला. वायर जिथून बाहेर येते ते रबर नवीनच घाला, नाहीतर ऑइल वायरीवरून चालत थेट कपलरपर्यंत जातं.

रेग्युलेटर फ्रेमला, वारा लागेल अशा जागी, धातूला धातू भिडवून बसवा. तो तापणारच, जास्तीची वीज उष्णतेत घालवणं हेच त्याचं काम. सीटखाली चिंध्यांत गुंडाळून ठेवलेला मी पाहिलाय. युनिटला एसीच्या दोनऐवजी तीन पिवळ्या वायरी असतील तर तो थ्री-फेज स्टेटरचा आहे, आपल्या जुन्या इंजिनसाठी शोधत बसू नका. बसवून झाल्यावर इंजिन रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर डीसी मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर काम झालं. पंधराच्या वर गेलं तर लगेच बंद करा, बॅटरी उकळेल.

फ्यूज. माझ्या गाडीला होता तो कुणीतरी सिगारेटच्या चांदीने भरला होता. बॅटरीच्या जिवंत टोकापासून वीतभर अंतराच्या आत पंधरा अँपिअरचा लावा आणि एक जास्तीचा पेटीत ठेवा.

जोड करताना सोल्डरवर भरवसा ठेवू नका. बुलेटची थरथर सोल्डर संपतं तिथेच तार कातरते. थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) चांगल्या पकडीने दाबा, वर हीट-श्रिंक घाला. त्या गोल पिनांना बुलेट कनेक्टर म्हणतात, त्याचा आपल्या गाडीशी संबंध नाही, पण दुकानात मागताना गंमत होते. एका वेळी एकच सर्किट बदला आणि लगेच तपासा. सगळं सोडून मग जोडायला बसलात तर रविवार गेला.

उरला प्रश्न पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचा. २००० नंतरच्या बुलेट इलेक्ट्राला पॉइंट नाहीत, तो माल मिळतो, आणि मोह होतो. पण नुसता डबा आणून चालत नाही. त्याचा पिकअप, पिकअपला खूण देणारा रोटर, त्याची स्वतःची कॉइल, सगळं कुटुंब आणावं लागतं. वेगळ्या गाडीचा सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) तर दुरूनच नमस्कार. काहींना बॅटरीची डीसी लागते, काहींना स्टेटरमध्ये वेगळी गुंडाळी लागते, आणि कपलर मात्र सारखेच असतात. सीडीआयच्या कॉइलचा रोध एक ओहमच्याही खाली असतो. अर्ध्या ओहमची कॉइल पॉइंटवर लावली तर चोवीस अँपिअर. माझं काळं डांबर आठवा.

मी पॉइंटच ठेवले, आणि त्याचं कारण तात्या आहेत. ते अजूनही अधूनमधून येतात, कॉटवर बसत नाहीत, सरळ गाडीकडे जातात. चावी ऑन करतात. सुई डावीकडे पडते. किक हाताने हळू दाबत नेतात, सुई टुणकन मध्यावर येते, म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन दाबाच्या टोकाला आला. डिकॉम्पची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढून किक बोटभर पुढे, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मारायची. एका किकला. पॉइंट गेले की सुईचा हा इशारा जातो. बारा व्होल्ट केल्यावर त्यांनी हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा सुई पूर्वीपेक्षा जराशी कमी पडली. "हिचा अशक्तपणा गेला का वाढला रे?" म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, करंट कमी झालाय, पण व्होल्ट दुप्पट आहेत, ताकद वाढलीय." त्यांना पटलं नाही, पण लाइट लावून ते अंधारात कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि वायरिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबा. कॉइलवर हात ठेवा, कोमट चालेल, चटका नको. रेग्युलेटर चांगला गरम असणारच, त्याची काळजी करू नका. हेडलाइट काढून अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट आवळून घ्या, गाडीचा जवळपास सगळा करंट त्यातून जातो आणि ते सैल होतात. पॉइंटची गॅप पुन्हा बघा, ०.३५ ते ०.४०. काढलेला सहा व्होल्टचा माल बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवा. माझ्या डब्यात ती ओघळलेली कॉइलही आहे.