फिल्टर बदलल्यावर मासे का मरतात? आधी दिवस मोजा

नवा फिल्टर बसवला, पाणी नितळ झाले आणि चौथ्या दिवसापासून मासे एकेक करून मरू लागले, तर पहिला प्रश्न असा: जुन्या फिल्टरचा स्पंज कुठे आहे? बहुतेक घरांत उत्तर येते, ‘टाकून दिला’. त्या काळपट, बुळबुळीत स्पंजावरच टाकीचे उपयोगी जिवाणू राहत होते. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट बेताच्या प्रमाणात मासे सोसतात. हे जिवाणू पाण्यात फार थोडे असतात, त्यामुळे नुसते ‘जुनेच पाणी ठेवले होते’ याचा उपयोग नाही.

मासे किती वेळाने मेले, यावरून कारण बरेचसे कळते.

काही तासांतच मेले असतील तर अमोनियाच्या मागे लागू नका. फिल्टरबरोबर पाणीही बदलले होते का आणि नळाचे पाणी थेट ओतले का, ते पाहा. तसे असेल तर संशय क्लोरीनवर. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त पडलेली असू शकते. नवा स्पंज किंवा पाइप साबणाने धुतला असेल तर टाकीतले निम्मे पाणी लगेच बदला आणि फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला.

रात्री ठीक असलेले मासे पहाटे मेले, तर प्राणवायू कमी पडला. जुना फिल्टर बुडबुडे सोडत होता आणि नव्या कॅनिस्टरचे (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरचे) तोंड पाण्याखाली आहे, असे हमखास होते. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये ही चूक महागात पडते. एक खूण उपयोगी आहे. गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करतोय, पण हवेतून श्वास घेऊ शकणारा गुरामी किंवा फायटर मजेत आहे, तर प्राणवायूच कमी. गुरामीही मलूल असेल तर पाण्यात विष आहे. उपाय सोपा: फिल्टरचे तोंड पृष्ठभागापर्यंत वर घ्या, पाणी हलले पाहिजे, एअर पंप रात्रभर चालू ठेवा.

दोन ते सात दिवसांत मरू लागले, कल्ले लालभडक, पर मिटलेले, तर अमोनिया. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कल्ले तपकिरी आणि श्वास जलद, तर नायट्राइट. ते रक्तात शिरले की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. अंदाजावर न थांबता थेंबांचे टेस्ट किट आणा. पट्ट्या स्वस्त असतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो.

किटवर अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या वर दिसले तर खाद्य दोन दिवस पूर्ण बंद करा. मोठे मासे उपाशी मरत नाहीत, उरलेल्या खाद्याने मात्र नक्की मरतात. मग निम्मे पाणी बदला. आकडा 2 असेल तर एका बदलात 1 होतो, दुसऱ्यात 0.5, दोन्ही बदल एकाच दिवशी, सहा-आठ तासांच्या अंतराने करा. पाणी मोजूनच घ्या: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागा. दोन फुटी टाकी (60×30×30) कागदावर 54 लिटरची, पण वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 च धरा. क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे 100 लिटरला 1 ग्रॅम पुरतात. नव्या पाण्याचे तापमानही जुन्याशी जुळवा.

इथे एक सापळा आहे. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा; 7 च्या खाली आम्लधर्मी) हळूहळू साडेसहाच्या खाली जातो आणि साचलेला अमोनिया जवळजवळ निरुपद्रवी रूपात राहतो. त्यात पीएच 8 चे बोअरचे पाणी एकदम निम्मे ओतले की तोच अमोनिया विषारी होतो: 25 अंशांना पीएच 7 वर त्याचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 वर पाच टक्क्यांच्या आसपास. अशा टाकीत दर चार-पाच तासांनी फक्त दहा टक्केच बदला.

नायट्राइटवर खडे मीठ चालते, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे मासे) किंवा नाजूक वनस्पती असतील तर अर्ध्या ग्रॅमवर थांबा. झिओलाइट घातलेल्या टाकीत मीठ कधीही नको: झिओलाइटने शोषलेला अमोनिया मिठाने परत सुटतो. बाटलीतल्या जिवाणूंवर फार भरवसा ठेवू नका. दुकानाच्या उन्हात तापलेली बाटली मेलेली असते. ओळखीच्या निरोगी टाकीतला एक घाणेरडा स्पंज तिच्यापेक्षा कामाचा.

जुना स्पंज अजून ओलाच आहे? तर तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळून नव्या फिल्टरमध्ये, नव्या स्पंजाच्या आधी बसवा. वाळला किंवा नळाखाली रगडून धुतला असेल तर तो नवाच समजा. पुढच्या वेळी मात्र दोन्ही फिल्टर चार ते सहा आठवडे एकत्र चालवा. हे जमत नसेल तर जिवाणू ज्यांवर राहतात त्या फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा जुन्याच वापरा; कार्बन तेवढा नवा.

लाइट चार-पाच तास गेली तर बंद कॅनिस्टरमधले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि आतले पाणी सडते. वीज परत आल्यावर तो तसाच चालू करू नका. आतले पाणी बादलीत ओता, वास घ्या, टाकीच्या पाण्याने रिंगा विसळा आणि मगच प्लग लावा.