थेट गाडी की बदलून?
मुंबईहून कोल्हापूरला जाताना पुण्यात गाडी बदलून कधी कधी वेळ वाचतो, पण सोबत आई-बाबा आणि दोन बॅगा असतील तर मी डोळे झाकून रात्रीची थेट महालक्ष्मी एक्सप्रेस धरते. हातात बॅग, पुढे जिना आणि दुसऱ्या फलाटावर शिट्टी देणारी गाडी, ही धावपळ त्यांना नको. एकटे असाल तर खुशाल बदला, मात्र मध्ये दोन तास तरी ठेवा. आणि दोन्ही तिकिटांचे पीएनआर (आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडून घ्याच! प्रवाशांची नावं दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवीत. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर उरलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता मिळतात. ई-तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, मात्र भरावा लागतो.